क्रूसचा आडवा पास

३० एप्रिल २०२४ च्या रात्री म्युनिकमध्ये बायर्न आणि रेयाल माद्रिद यांच्यात युरोपातील क्लबांच्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा पहिला सामना चालू होता. चोविसाव्या मिनिटाला रेयालच्या मधल्या फळीतला जर्मन खेळाडू टोनी क्रूस याच्या पायाशी चेंडू आला, तेव्हा त्याने आधी हात लांब करून आघाडीच्या व्हिनिसियसला एक जागा दाखवली. बायर्नचा बचावपटू किम मिन-जे व्हिनिसियसला चिकटून पुढे सरकला होता आणि त्याच्या पाठीमागचा पट्टा मोकळा पडला होता. क्रूसने चेंडू त्या पट्ट्यात सोडला, व्हिनिसियस वळून तिथे पोहोचला आणि गोल झाला. फलकावर अर्थातच व्हिनिसियसचे नाव लागले. तो गोल मी नंतर कितीतरी वेळा पाहिला आहे आणि दर वेळी माझे लक्ष त्या हाताकडेच गेले आहे.

माझे फुटबॉल पाहणे सुरू झाले ते कोल्हापुरात, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर, तालीम संघांच्या सामन्यांना. तिथे मधल्या खेळाडूने चेंडू मागे किंवा आडवा दिला की पायऱ्यांवरून हमखास ओरड होई, ‘अरं, पुढं मार की!’ ओरडणाऱ्यांत मीही असे. त्यामुळे जर्मनीत क्रूसला ‘क्वेरपास टोनी’, म्हणजे आडव्या पासांचा टोनी, असे हिणवले जाते हे पहिल्यांदा वाचले, तेव्हा मला त्या नावात फारसा अन्याय दिसला नव्हता. हा गडी जिवाच्या आकांताने पळत नाही, चेंडू हिसकावण्यासाठी अंग झोकून देत नाही, गोलही मोजकेच करतो. मग तो नेमके करतो काय, हा प्रश्न मलाही पडत असे. उत्तर मिळायला बरीच वर्षे लागली आणि जागरणेही पुष्कळ झाली.

क्रूसचा जन्म ४ जानेवारी १९९० चा, बाल्टिक किनाऱ्याजवळच्या ग्राइफ्सवाल्ड या गावचा. बर्लिनची भिंत पडून दोन महिने होत आले होते, पण पूर्व जर्मनी हा देश अजून नकाशावर होता. २०१४ चा विश्वचषक जिंकणाऱ्या जर्मन संघात त्या देशात जन्मलेला तो एकटाच. आई नावाजलेली बॅडमिंटनपटू आणि वडील फुटबॉल प्रशिक्षक, त्यामुळे खेळ घरातच होता. हान्सा रोस्टॉकच्या कुमार संघातून तो २००६ मध्ये बायर्न म्युनिककडे गेला. पुढच्याच वर्षी सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याच सप्टेंबरात कॉटबुसविरुद्ध बदली खेळाडू म्हणून बुंडेसलिगात, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगमध्ये, उतरला. वीस मिनिटेही मिळाली नव्हती, पण तेवढ्यात त्याच्या दोन पासांवर मिरोस्लाव क्लोजने दोन गोल केले. गोल दुसऱ्याचा आणि पास याचा, ही पुढच्या सतरा वर्षांची वाटणी पहिल्याच दिवशी झाली म्हणायची.

बायर्नला मात्र या मुलाचे काय करावे हे लवकर उमगले नाही. जानेवारी २००९ पासून दीड वर्ष तो लेव्हरकुसेनकडे उसनवारीवर खेळला, तिथे प्रशिक्षक युप हाइन्केस यांच्या हाताखाली तयार झाला आणि परत आला. त्यानंतरचा २०१२ चा उन्हाळा त्याच्या कारकिर्दीतला सर्वांत कडू असावा. मे महिन्यात बायर्नने स्वतःच्याच मैदानावर चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना चेल्सीविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये गमावला. बायर्नकडून गोलरक्षक नॉयरने पेनल्टी घेतली, पण क्रूस पेनल्टी घेणाऱ्यांत नव्हता. जूनमध्ये युरो करंडकाच्या उपांत्य सामन्यात जर्मनीचे प्रशिक्षक योआखिम ल्योव्ह यांनी त्याला अचानक संघात घेतले आणि इटलीच्या आंद्रेया पिर्लोवर पहारा ठेवण्याचे काम दिले. इतरांना जागा उघडून देणे ज्याच्या रक्तात आहे, त्याला एका माणसाची जागा बंद करण्यासाठी उभे करणे, ही मला आजही त्या सामन्यातली मोठी चूक वाटते. पिर्लोचा खेळ काही अडला नाही, क्रूसचा मात्र अडला, आणि जर्मनी १-२ अशी हरली. पुढच्या वर्षी बायर्नने तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या, तेव्हा क्रूस एप्रिलमध्येच युव्हेन्टसविरुद्ध जायबंदी होऊन बाहेर बसला होता. लंडनच्या वेम्बली मैदानावरचा चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना त्याने बघितला, खेळला नाही. वेम्बलीचे नाव या कारकिर्दीत पुन्हा येणार आहे.

२०१४ च्या विश्वचषकात बेलो होरिझोंतेच्या उपांत्य सामन्यात जर्मनीने ब्राझीलचा ७-१ असा धुव्वा उडवला. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. पाण्याचा तांब्या आणायला उठलेल्या माणसाचे मधले दोन गोल हुकले, असा तो सामना. पहिला गोल म्युलरचा होता आणि तो क्रूसच्या कॉर्नर किकवर झाला. चोविसाव्या आणि सव्विसाव्या मिनिटाला क्रूसने स्वतः गोल केले. दुसऱ्या वेळी त्याने फर्नांडिन्योच्या पायातून चेंडू काढून घेतला, खेदिराशी देवाणघेवाण केली आणि रिकाम्या जाळीत ढकलला. हाच क्रूस पाच दिवसांनी रिओच्या अंतिम सामन्यात डोक्याने मागे दिलेला चेंडू थेट अर्जेंटिनाच्या हिग्वाइनच्या वाटेवर सोडून बसला. पुढ्यात एकटा नॉयर होता आणि हिग्वाइनने बाहेर मारला. तो चेंडू आत गेला असता, तर क्रूसची आठवण आज वेगळीच राहिली असती. जर्मनी जिंकली आणि त्यानंतर चारच दिवसांनी बायर्नने त्याला रेयाल माद्रिदला देऊन टाकले. वृत्तपत्रांनी सांगितलेली रक्कम अडीच कोटी युरोंच्या आसपास होती. त्या काळातील मोठ्या व्यवहारांशी ताडून पाहिली, तर ती जवळजवळ बाजारभाजीची किंमत होती.

माद्रिदमध्ये पहिल्याच उन्हाळ्यात शाबी अलोन्सो बायर्नकडे निघून गेला आणि प्रशिक्षक कार्लो आन्चेलोत्ती यांनी क्रूसला मधल्या फळीत सर्वांत मागे उभे केले. पुढे झिनेदिन झिदान प्रशिक्षक झाले, बचावाची राखण कासेमिरोकडे गेली, उजवीकडे लुका मॉड्रिच आणि डावीकडे क्रूस अशी तिघांची मांडणी पक्की झाली, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला याच काळात सापडू लागले. क्रूस मैदानाच्या मध्यावर फारसा उभाच राहत नसे. चेंडू स्वतःच्या बचावपटूंकडे असला की तो मागे आणि डावीकडे सरकून डावा बचावपटू जिथे असायला हवा तिथे जाऊन थांबे. वरवर पाहता ही माघार होती. पण त्यामुळे डावा बचावपटू मार्सेलोला डाव्या कडेने वर जायची मुभा मिळे, प्रतिस्पर्ध्याच्या मधल्या खेळाडूला ‘याच्या मागे जाऊ की माझी जागा धरून ठेवू’ असा पेच पडे आणि क्रूसला सगळे मैदान आपल्यासमोर उघडे दिसे. पाठीमागून कोणी येण्याची भीती नसलेल्या त्या कोपऱ्यातून तो उजव्या पायाने चाळीस-पन्नास मीटरचा तिरका चेंडू पलीकडच्या कडेला उजवा बचावपटू कार्वाहालच्या पावलावर टाकत असे.

आणि ते आडवे पास? त्यांच्याकडे नीट पाहायची सवय लागली तेव्हा कळले की क्रूस चेंडू नुसत्या खेळाडूकडे देत नसे, त्याच्या ठरावीक पायाकडे देत असे. घेणाऱ्याला पुढे वळायचे असेल तर चेंडू त्याच्या लांबच्या पायावर येई, अंगावर प्रतिस्पर्धी असेल तर जवळच्या पायावर. पासचा वेगही कडक असे. सुस्त आडवा पास वाटेतच प्रतिस्पर्ध्याला पुढे यायला वेळ देतो, पण कडक आडवा पास समोरच्या सगळ्या फळीला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सरकायला लावतो. असे चार-पाच वेळा झाले की त्या फळीत कोणीतरी अर्धे पाऊल मागे राहतो, आणि मग सहावा चेंडू आडवा जात नाही. त्याच्या पासांचे फळ बहुतेक वेळा आणखी दोन पासांनंतर दिसे, तोवर चेंडू मॉड्रिचकडून आघाडीच्या बेन्झेमाकडे गेलेला असे आणि क्रूस कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर असे. हंगामामागून हंगाम नव्वद टक्क्यांहून अधिक पास अचूक, एवढाच आकडा त्याच्या नावापुढे दिसे आणि त्या आकड्यावरून हे काहीच कळत नसे.

या तिघांनी २०१६, २०१७ आणि २०१८ अशी सलग तीन वर्षे चॅम्पियन्स लीग जिंकली. २०१८ चा बॅलन डी’ओर, म्हणजे वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मॉड्रिचला मिळाला. क्रूसला तो कधीच मिळाला नाही आणि त्याबद्दल त्याने कधी फार गळा काढल्याचे माझ्या वाचनात नाही. त्याची नजर किती सावध होती याचा एक नमुना सांगायचा मोह होतो. जानेवारी २०२० मध्ये जेद्दाह येथे स्पॅनिश सुपर कपमध्ये व्हॅलेन्सियाविरुद्ध कॉर्नर घेताना प्रतिस्पर्धी गोलरक्षक जागेवर नाही हे त्याने पाहिले आणि कोणाची वाट न बघता चेंडू थेट कोपऱ्यावरून जाळ्यात वळवला. बुटांच्या बाबतीतही तो असाच हट्टी. आदिदासचे एकाच जुन्या धाटणीचे पांढरे बूट तो दहा वर्षे वापरत राहिला, आजूबाजूचे सगळे खेळाडू दर मोसमात नव्या भडक रंगांत उतरत असताना.

त्याच्या हातून चुका होत नसत असे नाही. २३ जून २०१८ रोजी सोची येथे स्वीडनविरुद्ध त्याचाच चुकलेला पास जर्मनीला भोवला आणि टोइवोनेनने गोल केला. रॉइसने बरोबरी साधली, बोआटेंगला लाल कार्ड मिळाले आणि दहा जणांनिशी खेळणाऱ्या जर्मनीला भरपाई वेळेत, पंचाण्णवाव्या मिनिटाला, डाव्या बाजूला फ्री किक मिळाली. कोन इतका अरुंद होता की सगळ्यांनी गर्दीत उंच चेंडू येईल असे धरले होते. क्रूसने चेंडू रॉइसला किंचित सरकवून कोन सुधारून घेतला आणि वळवून दूरच्या कोपऱ्यात मारला. चार दिवसांनी दक्षिण कोरियाने जर्मनीला गटातच गारद केले, त्यामुळे त्या गोलाचे पुढे काही झाले नाही. माझ्यापुरता मात्र तो त्या स्पर्धेतला सर्वोत्तम क्षण आहे.

जर्मनीत त्यानंतर जी टीका सुरू झाली, ती २०२१ मध्ये टोकाला गेली. युरो करंडकात इंग्लंडने वेम्बलीवर जर्मनीला २-० असे हरवले, क्रूसने काही दिवसांतच राष्ट्रीय संघातून निवृत्ती घेतली आणि बायर्नचे माजी अध्यक्ष उली होनेस यांनी त्याच्या आडव्या पासांच्या खेळाला आता आधुनिक फुटबॉलमध्ये स्थान नाही, असे जाहीरपणे सांगून टाकले. त्या संघाने वेगाने पुढे जायला हवे होते, हा मुद्दा मला मान्य आहे. पण ज्याच्या पुढे कोणी पळतच नाही, त्याने चेंडू पुढे द्यायचा कोणाला, हेही त्याच वेळी विचारायला हवे होते. पुढच्याच मोसमात माद्रिदने पुन्हा चॅम्पियन्स लीग जिंकली, तेव्हा क्रूस तिथे नेहमीच्या जागी होता.

राष्ट्रीय संघाचे नवे प्रशिक्षक युलियान नागेल्समान यांनी त्याला २०२४ मध्ये परत बोलावले. जवळजवळ तीन वर्षांनी तो २३ मार्चला लियॉनमध्ये फ्रान्सविरुद्ध उतरला. खेळ सुरू होताच चेंडू त्याच्याकडे आला, त्याने तो लांब पुढे टाकला आणि फ्लोरियन विर्ट्झने अवघ्या काही सेकंदांत गोल केला. आडव्या पासांच्या टोनीचा पुनरागमनातला पहिला पास असा सरळ गेला! २१ मे रोजी त्याने जाहीर केले की आगामी युरो करंडकानंतर तो फुटबॉलच सोडणार आहे. वय चौतीस, स्पेनच्या ला लिगा या लीगमधला माद्रिदचा विजय नुकताच झालेला, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना अजून बाकी. १ जूनला वेम्बलीवरच डॉर्टमुंडविरुद्ध तो अंतिम सामना झाला. पूर्वार्धात माद्रिद रडतखडत तगली आणि चौऱ्याहत्तराव्या मिनिटाला क्रूसच्या कॉर्नरवर, संघातल्या बुटक्यांपैकी एक असलेल्या कार्वाहालने, हेडर मारून कोंडी फोडली. पंच्याऐंशीव्या मिनिटाला क्रूस बाहेर आला आणि मॉड्रिच त्याच्या जागी आत गेला. सामना २-० असा सुटला. बायर्नचे एक धरून क्रूसचे ते सहावे विजेतेपद.

युरो करंडकाच्या पहिल्या सामन्यात स्कॉटलंडविरुद्ध त्याने १०२ पैकी १०१ पास अचूक दिले. ५ जुलैला श्टुटगार्टमध्ये स्पेनविरुद्ध मात्र वेगळाच क्रूस दिसला. चौथ्याच मिनिटाला तो पेद्रीवर आडदांडपणे आदळला, पेद्री दुखापतीने बाहेर गेला आणि त्या वेळी क्रूसला कार्डही मिळाले नाही. त्याने नंतर पेद्रीची जाहीर माफी मागितली. तरी इतकी वर्षे अंगावर न जाता खेळणाऱ्या माणसाचा शेवटचा सामना अशा धसमुसळेपणाने सुरू व्हावा, हे मला अजून खटकते. अतिरिक्त वेळेत ११९ व्या मिनिटाला स्पेनच्या मिकेल मेरिनोने हेडर मारून गोल केला आणि क्रूसची कारकीर्द तिथे संपली.

त्याची ८ क्रमांकाची जर्सी फेडेरिको व्हॅल्व्हेर्देकडे गेली. व्हॅल्व्हेर्दे उत्तम खेळाडू आहे, तिघांचे पळणे तो एकटा पळतो. एम्बापे आला, आक्रमणाची फळी आणखी झगझगीत झाली, आणि तरीही ऑक्टोबर २०२४ मध्ये बार्सिलोनाने माद्रिदला तिच्याच मैदानावर ४-० असे हरवले, तर एप्रिल २०२५ मध्ये आर्सेनलने चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढले. त्या मोसमातले सामने पाहताना माझे लक्ष पुन्हा पुन्हा एकाच गोष्टीकडे जाई. बचावपटू चेंडू घेऊन उभा राही, सवयीने डावीकडे मान वळवी, क्षणभर थांबे आणि मग चेंडू लांब हवेत मारून देई.