खाजणारा डोळा आणि औषधांची पूर्ण यादी
एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तीचा डोळा लाल झाला की घरातल्यांच्या मनात पहिली शंका येते ती दृष्टी जाण्याची. ही भीती निराधार नसली, तरी सायटोमेगॅलोव्हायरस या विषाणूमुळे होणारा दृष्टिपटलाचा दाह प्रामुख्याने सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे ५० च्या खाली गेल्यावर दिसतो, आणि त्यात डोळा सहसा लाल होत नाही की खाजतही नाही. डोळ्यांपुढे ठिपके तरंगतात किंवा नजरेचा एखादा भाग झाकोळतो. दोन्ही डोळ्यांना अनावर खाज, दोरीसारखा ओढला जाणारा चिकट स्राव आणि वरची पापणी उलटल्यावर आतून दिसणारे दाणे, हे चित्र ॲलर्जीचे असते.

प्रतिकारशक्ती कमी असताना ॲलर्जी कशी होते, असे अनेक जण विचारतात. एचआयव्ही प्रतिकारशक्ती केवळ घटवत नाही, तर तिचा तोलही बिघडवतो. आजार बळावलेल्या अनेकांच्या रक्तात ॲलर्जीशी निगडित आयजीई प्रतिपिंडे वाढलेली आढळतात. तरीही प्रौढ वयात पहिल्यांदाच असा त्रास सुरू झाला, विशेषतः एकाच डोळ्यात, तर पापणीच्या कडेवरची मोलस्कमची (एका विषाणूमुळे होणारी) पुटकुळी किंवा बुबुळाच्या काठाशी वाढणारा पांढुरका उंचवटा नाही ना, हे तपासून घ्यावे. असा उंचवटा कर्करोगाचा असू शकतो.

मला खरी काळजी वाटते ती स्टिरॉइडच्या थेंबांची. त्यांनी दोन दिवसांत बरे वाटते, म्हणून जुनी बाटली पुन्हा पुन्हा वापरली जाते, आणि डोळ्यातला दाब वाढणे, मोतीबिंदू होणे किंवा दबलेली नागीण (हर्पिस) उफाळणे हे धोके ओढवतात. त्यातच एचआयव्हीच्या काही उपचारांत असणारी रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट ही औषधे स्टिरॉइडचे विघटन करणारे यकृतातले विकर (एन्झाइम) रोखतात. त्यामुळे नाकात मारायच्या फ्लुटिकासोन या स्टिरॉइडच्या फवाऱ्यानेही चेहरा सुजणे, साखर वाढणे आणि अधिवृक्क (मूत्रपिंडांवरच्या) ग्रंथींचे काम मंदावणे असे परिणाम झालेले आहेत; दीर्घकाळ वापरलेल्या डोळ्यांच्या थेंबांबाबतही अशा नोंदी आहेत. डोलुटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाची मात्र स्टिरॉइडशी अशी आंतरक्रिया होत नाही.

म्हणूनच नेत्रतज्ज्ञांना गोळ्यांची नावे कळणे आवश्यक आहे. रुग्ण ती लपवतात, कारण हा प्रश्न बहुधा इतरांच्या देखत विचारला जातो. तो बंद दाराआड विचारणे ही जबाबदारी मी डॉक्टरांचीच मानतो. साध्या ॲलर्जीला थंड पाण्याची घडी, डोळे न चोळणे आणि ओलोपॅटाडिनसारखे ॲलर्जीरोधक थेंब अनेकदा पुरतात. डोळा दुखू लागला, उजेड सोसेना किंवा नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.