फ्लॅप पंधरा

फ्लॅपची दांडी मी मागे ओढली. पंधराच्या खाचेत ती नेहमीसारखी टक् करून बसली, आणि पुढं काहीच झालं नाही.

फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे पल्ले, कमी वेगातही विमान तोलून धरणारे. हे 'काहीच न होणं' अंगाला आधी कळतं. फ्लॅप बाहेर यायला लागले की विमान जरा वर उचलल्यासारखं होतं, वाऱ्याचा आवाज जाड होतो, वेग उतरायला लागतो. त्यातलं काही नाही. पडद्यावर फ्लॅपचा आकडा शून्य.

जुलैतली दुपार. बेंगळूरूहून बेळगाव, दोन पंख्यांचं टर्बोप्रॉप, जवळजवळ भरलेलं. वारा पश्चिमेचा, म्हणून पूर्वेकडनं, सुळेभावी-मारिहाळच्या अंगानं उतरत होतो. ढगांच्या फटीतून सांबऱ्याचा, म्हणजे बेळगाव विमानतळाचा, रनवे दिसत होता, पावसानं काळा झालेला. त्याच्या पलीकडं बेळगाव, म्हणजे माझं घर. विमान कॅप्टन उडवत होते, रेडिओ आणि दांड्या माझ्याकडं. कॅप्टन निपाणीचे. कामाचे शब्द इंग्रजीत, बाकी आमचं मराठीच.

"सर, परत एकदा लावून बघू?"

"नको. दांडीवरचा हात काढ."

हात काढला. एका पंखाचा फ्लॅप सुटला आणि दुसऱ्याचा अडकून राहिला, तर विमान एका कुशीवर कलायला लागतं. तसं होऊ नये म्हणून यंत्रणेत अटकाव असतो खरा, पण तो तपासून बघायची ती जागा नव्हे.

"गो-अराउंड," ते म्हणाले. म्हणजे उतरणं सोडून परत वर.

खरं सांगतो, मला ते पटलं नव्हतं. रनवे डोळ्यांसमोर, जमीन दोन हजार फूट खाली, घर पाच मिनिटांवर. भरल्या ताटावरून उठवल्यासारखं वाटलं. पण चाकं अजून पोटातच होती, उतरण्याचं कुठलंच गणित केलेलं नव्हतं. इंजिनांनी जोर धरला, रनवे नाकाखाली सरकून गेला.

टॉवरला पॅन-पॅन दिला. मेडे नव्हे. जिवावर बेतलेलं नाही, पण अडचण आहे, एवढाच पॅन-पॅनचा अर्थ. परत पूर्वेला वळून सौंदत्तीच्या बाजूला घिरट्या घालायची परवानगी मिळाली. तिकडंच मोकळं होतं. जांबोटी-खानापूरला कोसळणारा पाऊस सौंदत्तीला पोचेतो दमलेला असतो.

"विमान मी बघतो. तू पुस्तक काढ. घाई नाही."

मी चेकलिस्ट मोठ्यानं वाचायला लागलो. किराणा मालाची यादी वाचावी तशी, एकेक ओळ, बोट ठेवून. फ्लॅप नाहीत म्हणजे पंखाला उचल कमी, म्हणजे वेग जास्त हवा. नेहमी आम्ही ११० नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास येतो, त्या दिवशी आकडा निघाला १३२. वाढ बावीसचीच दिसते, पण ब्रेकला जी ताकद जिरवायची ती वेगाच्या वर्गानं वाढते, म्हणजे जवळपास दीडपट. त्यात सांबरा समुद्रसपाटीपासून जवळपास २,५०० फूट उंच. हवा विरळ, त्यामुळं काटा १३२ दाखवत असला तरी विमान खरं त्याहून सात-आठ नॉट जास्तच पळत असतं. आणि रनवे ओला.

मग गोवा? तिथला रनवे लांब आणि कमी उंचीवर, पण मध्ये जुलैतला घाट. हुबळीचा आपल्यापेक्षा तीनशे मीटरनं लांब, पण तिथं त्या वेळी ढग टेकले होते. आम्ही दोघांनी वेगवेगळं गणित केलं. उत्तरं जुळली. सांबऱ्याच्या २,३०० मीटरमध्ये बसत होतं, वर जागाही उरत होती. इंधन दीड तासाचं होतं.

केबिन क्रूला बोलावून काय झालंय, काय करणार, किती वेळ लागेल ते सांगितलं. प्रवाशांशी बोलायची वेळ आली तेव्हा कॅप्टन म्हणाले, "तू बोल, तुझं गाव आहे." इंग्रजीत बोललो, मग कन्नडमध्ये, मग मराठीत. आमच्या भागात पाटीवर कुठली भाषा वर नि कुठली खाली यावरून डोकी फुटतात. त्या दिवशी तिन्हींना सारखीच शांतता मिळाली.

एक बटण आठवणीनं दाबलं. फ्लॅपशिवाय जमिनीजवळ गेलं की विमान स्वतःच 'टू लो, फ्लॅप्स' म्हणून ओरडायला लागतं. ते ओरडणं बरोबरच असतं, पण आम्हाला माहीत असलेलंच ऐकत उतरायचं नव्हतं.

दुसऱ्यांदा आलो तेव्हा चाकं लवकर सोडली. तीन हिरवे दिवे लागले, आणि इतका वेळ मी श्वास अर्धाच घेत होतो हे तेव्हा कळलं. पंत बाळेकुंद्री डाव्या-उजव्या कुठल्या बाजूनं गेली ते आठवत नाही. आठवतंय ते वर आलेलं नाक आणि काचेच्या खालच्या काठावर चिकटल्यासारखा दिसणारा रनवे. अशा वेळी शेवटी नाक आणखी वर ओढलं तर शेपटी घासते. कॅप्टननी ओढलं नाही, टेकवलं. दणकन्. मागं कुणीतरी "आई गं" म्हणालं. मी वेगाचे आकडे म्हणत होतो. कडेनं अग्निशमनच्या गाड्या दिवे लावून पळत होत्या. रनवे संपायच्या बराच आधी आम्ही चालायच्या वेगावर आलो.

ब्रेक तापले होते, ते निवेपर्यंत तिथंच थांबलो. नंतर निघालं ते एवढंच की फ्लॅप हलवणारं हायड्रॉलिक तेल सोडणारा व्हॉल्व्ह उघडलाच नव्हता. विमान रात्रभर सांबऱ्यातच राहिलं.

कॅप्टननी बेल्ट सोडला, पाणी प्यायले, आणि विचारलं, "बेळगावात कुंदा कुठला चांगला रे?"

संध्याकाळी फोन वाजला. बाळेकुंद्रीची मावशी. तिची कौलं आमच्या वाटेखालीच येतात, रोजच्या विमानाचा आवाज तिला घड्याळासारखा पाठ आहे.

"काय गा, आज तुमचं इमान दोन येळा गेलं की घरावरनं. काय इसरलं होतं?"