बोमन ग्रेची शनिवार रात्र आणि विल्क्स परगण्याचा रस्ता

स्टॉक कार शर्यत, म्हणजे दिसायला रस्त्यावरच्या पण शर्यतीसाठी बांधलेल्या गाड्यांची शर्यत, आयुष्यात पहिल्यांदा पाहायची असेल, तर शार्लटच्या दीड मैलाच्या भव्य ट्रॅकवर जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. उत्तर कॅरोलायनात कॅरी, मॉरिसव्हिल किंवा शार्लट परिसरात राहणारी मराठी मंडळी मे महिन्यातील सहाशे मैलांच्या शर्यतीला हौसेने एकदा जातात, चार-साडेचार तास बसतात, समोरच्या बाजूच्या गाड्या ठिपक्यांएवढ्या दिसतात म्हणून मोठ्या पडद्याकडे पाहत राहतात आणि ‘नुसते गोल गोल फिरणे’ असा शेरा मारून कायमची पाठ फिरवतात. या खेळाचा जीव छोट्या ट्रॅकवर आहे, आणि तो पाहायचा तर विन्स्टन-सेलम गावातील बोमन ग्रे स्टेडियमवर उन्हाळ्यातील एखाद्या शनिवारी रात्री जावे. आम्ही शार्लटहून निघून विल्क्स परगण्यामार्गे तेथे गेलो. त्याच वाटेने जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी हा वृत्तांत.

शुक्रवारचा दिवस शार्लटमधील नॅसकार हॉल ऑफ फेमसाठी ठेवावा. नॅसकार ही अमेरिकेतील स्टॉक कार शर्यती भरवणारी संघटना. 2010 साली उघडलेल्या या संग्रहालयात शिरताच जुन्या गाड्यांची रांग एका कलत्या रस्त्यावर मांडलेली दिसते. हा कल हळूहळू तीव्र होत तेहतीस अंशांपर्यंत पोहोचतो. अलाबामातील टॅलाडेगा ट्रॅकच्या वळणाची ती तीव्रता आकड्यात वाचून कळत नाही, तिच्यापाशी उभे राहिल्यावर कळते. मला मात्र त्याहून मोलाची वाटली ती हातभट्टी. विल्क्स परगण्याचा ज्युनियर जॉन्सन हा पन्नास शर्यती जिंकलेला चालक. वडिलांच्या भट्टीवर 1956 साली तो पकडला गेला, तुरुंगात गेला, पुढे 1986 साली राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्याला माफी दिली, आणि संग्रहालयातील ही भट्टी त्यानेच स्वतःच्या हातांनी उभी केली. पोलिसांना चुकवून दारू पोहोचवणाऱ्यांच्या गाड्यांशी या खेळाचे नाते किती जवळचे होते, हे नॅसकारच्या 1949 च्या पहिल्याच ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ (म्हणजे फेरफार न केलेल्या गाड्यांच्या) शर्यतीत दिसले. शार्लटच्या मातीच्या ट्रॅकवर ग्लेन डनवे पहिला आला, पण दारूच्या ओझ्यासाठी बळकट केलेल्या मागच्या स्प्रिंगांमुळे त्याची गाडी बाद ठरली आणि विजय जिम रोपरला मिळाला.

वेंडेल स्कॉटच्या दालनापाशी घाई करू नये. व्हर्जिनियातील डॅनव्हिलचा हा कृष्णवर्णीय चालक स्वतःच्या गाडीचा मेकॅनिकही स्वतःच होता. 1963 च्या डिसेंबरमध्ये जॅक्सनव्हिल येथे तो जिंकला, तरी विजयाचा मान आधी बक बेकरला देण्यात आला आणि प्रेक्षक घरी गेल्यावर, काही तासांनी, खरा निकाल मान्य झाला. स्कॉट 1990 साली वारला. त्याच्या कुटुंबाच्या हाती करंडक पडायला 2021 साल उजाडले. आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या प्रेक्षकाने हे ठाऊक असू देऊनच पुढे जावे.

शनिवारी सकाळी आंतरराज्य महामार्ग 77 आणि नंतर महामार्ग 421 ने विल्क्स परगण्यातील नॉर्थ विल्क्सबरोला निघावे. दीड तास धरून चालावे. तेथील ट्रॅक 1947 चा, 0.625 मैलाचा, आणि घडणीने विलक्षण आहे: समोरची सरळ रेषा उताराची, तर मागची चढाची आहे. मालक एनॉक स्टेली 1995 साली वारल्यानंतर ट्रॅक दुसऱ्यांच्या हाती गेला, त्याच्या शर्यतींच्या तारखा टेक्सास आणि न्यू हॅम्पशायर येथे हलवण्यात आल्या, आणि 1996 नंतर या जागेवर गवत माजले. 2010 च्या सुमारास थोडा काळ दिवे लागले आणि पुन्हा विझले. 2022 साली राज्याने दिलेल्या निधीतून आणि स्थानिकांच्या रेट्यातून ट्रॅक खऱ्या अर्थाने उभा राहिला आणि 2023 मध्ये ऑल-स्टार शर्यत, म्हणजे नॅसकारच्या निवडक विजेत्यांची खास शर्यत, येथे झाली. माझ्या मते दुरुस्ती करणाऱ्यांनी सर्वांत शहाणपणाचे काम केले ते म्हणजे सगळेच नवे केले नाही. शर्यत नसेल तेव्हा आत सोडतीलच असे नाही. पण या परगण्याच्या टेकड्या आणि वळणाचे रस्ते पाहिले, की येथील मुले गाडी चालवायला कोठे शिकली हे वेगळे सांगावे लागत नाही. रस्त्याकडेला उकडलेल्या शेंगा विकणारे दिसले तर थांबावे. मीठ थोडे जास्त असते, एवढेच.

तेथून विन्स्टन-सेलम तासाभराच्या अंतरावर आहे. बोमन ग्रे हे मुळात अमेरिकी फुटबॉलचे मैदान. मैदानाभोवती पाव मैलाचा, जराही उतार नसलेला डांबरी ट्रॅक आहे आणि त्यावर 1949 पासून नॅसकारच्या साप्ताहिक शर्यती चालू आहेत. स्टेडियमला नाव आहे ते गावातील आर. जे. रेनॉल्ड्स तंबाखू कंपनीच्या प्रमुखाचे. अमेरिकेत दूरचित्रवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती 1971 मध्ये बंद झाल्या, तेव्हा ज्युनियर जॉन्सन आपल्या एका गाडीसाठी प्रायोजकत्व मागायला याच कंपनीकडे गेला, आणि कंपनीने पैसा ओतला तो नॅसकारच्या संपूर्ण सर्वोच्च, म्हणजे मोठ्या, मालिकेत. पुढच्याच वर्षी नॅसकारने वेळापत्रक छाटले, अडीचशे मैलांहून लहान शर्यती काढून टाकल्या, आणि त्या छाटणीत खुद्द कंपनीच्या गावचे हे स्टेडियम मोठ्या मालिकेतून बाहेर पडले. नामवंत चालक रिचर्ड पेटीने आपला शंभरावा विजय 1969 साली येथेच मिळवला होता. 1971 ची शेवटची शर्यत बॉबी अ‍ॅलिसनने जिंकली, पण त्याची गाडी वेगळ्या वर्गातली म्हणून तो विजय त्याच्या नावावर चढायला 2024 चा ऑक्टोबर उजाडला. त्यानंतर दोनच आठवड्यांच्या आसपास तो वारला. फेब्रुवारी 2025 मध्ये मोठी मालिका हंगामापूर्वीच्या ‘क्लॅश’ शर्यतीसाठी येथे परतली आणि चेस एलियट जिंकला.

तरीही सल्ला असा, की क्लॅशपेक्षा साध्या शनिवारची शर्यत पाहावी. 2022 पासूनच्या नव्या पिढीच्या गाड्यांना मोठे ब्रेक, रुंद टायर आणि पाच गिअर आहेत. त्यामुळे वळणात चूक करणारा चालकही सहज सावरतो आणि मागच्याला संधी मिळत नाही, ही छोट्या ट्रॅकच्या चाहत्यांची जुनी तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. शनिवारच्या ‘मॉडिफाइड’ गाड्या मात्र वेगळ्याच जातीच्या असतात: बुटक्या, रुंद, चाके अंगाबाहेर उघडी. त्यांची एक फेरी चौदा सेकंदांच्या आतबाहेर होते. उतार नसलेल्या या ट्रॅकवर आतली वाटच जलद. बाहेरच्या रांगेत अडकलेला चालक, अपघातामुळे दाखवलेल्या पिवळ्या झेंड्यानंतर शर्यत पुन्हा सुरू झाली, की एकेक जागा गमावत जातो. त्यामुळे पुढच्याला आतून हटवायचे तर वळणात शिरताना त्याच्या मागच्या बंपरला नेमका धक्का द्यावा लागतो: तो घसरून बाहेर सरकेल एवढा, पण गिरकी खाणार नाही एवढाच. हा धक्का कसबाचा की दांडगाईचा, यावर बाकांवर रात्रभर वाद चालतो. कोल्हापूरच्या खासबागेत वस्तादांच्या शेजारी बसून कुस्ती पाहिलेल्याला ही जाणकारी आणि हा पक्षाभिमान लगेच ओळखू येईल. टिम ब्राउन आणि बर्ट मायर्स या चालकांच्या चाहत्यांमधील वैर हा येथे वर्षानुवर्षे चालत आलेला विषय आहे. नवख्याने पाठिंबा कोणालाही द्यावा, पण तो मोठ्याने सांगण्यापूर्वी आजूबाजूचे टी-शर्ट पाहून घ्यावेत.

मॉडिफाइडच्या आधी-नंतर स्पोर्ट्समन, स्ट्रीट स्टॉक आणि स्टेडियम स्टॉक या वर्गांच्या शर्यती असतात. शेवटच्या वर्गात जुन्या, साध्या चारचाकींची धडकाधडकी पाहून मुले खूश होतात. मला ती थोड्या वेळाने कंटाळवाणी वाटली. चालकांची हमरीतुमरीही येथे होते आणि ‘वेड्यांचे घर’ हे टोपणनाव स्टेडियम अभिमानाने मिरवते. या भांडणांचीच जाहिरात करण्याची हौस मला खटकते, कारण त्यात गाडी हाकण्यातले कसब झाकले जाते. प्रेक्षकांबद्दल विचाराल, तर आमच्याशी सगळे आपुलकीनेच वागले. शेजारच्या एका आजोबांनी कोणत्या चालकाने कोणाला कधी भिंतीवर घातले याचा इतिहास न विचारता सांगितला. नॅसकारने आपल्या ट्रॅकवर यादवी युद्धातील दक्षिणेच्या जुन्या फुटीरतावादी झेंड्याला 2020 पासून बंदी घातली आहे. वाटेतल्या एखाद्या घरावर तो दिसू शकतो.

हंगाम साधारण एप्रिल ते ऑगस्ट असतो. दारे सहाच्या सुमारास उघडतात आणि शर्यती आठला सुरू होतात. पण जागा राखीव नसल्याने लवकर पोहोचून सरळ रेषेच्या मध्याजवळ, शक्य तितक्या वरच्या पायरीवर बसावे. खाली बसल्यास टायरच्या रबराचे कण अंगावर येतात आणि पलीकडची बाजू दिसत नाही. कानांसाठी मोठ्यांनी फोमचे बोळे आणि मुलांनी डोक्यावरून घालायचे संरक्षक वापरावेत. यात कसूर करू नये, कारण आवाज स्टेडियमच्या भिंतींमध्ये कोंडतो. बसायला उशी न्यावी. शाकाहारी माणसाला फ्रेंच फ्राइज आणि गोडाधोडावर भागवावे लागते, म्हणून विन्स्टन-सेलममध्ये आधीच जेवून घेणे बरे. थोडी रोख रक्कम खिशात असावी. पिशव्यांचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी पाहावेत. उन्हाळ्यात येथे संध्याकाळी वळीव पडतो आणि ओल्या डांबरावर या शर्यती होत नाहीत, म्हणून मुक्कामाची खोली रद्द करता येण्याजोगीच घ्यावी. शर्यत उशिरा संपते आणि बाहेर पडायला वेळ लागतो. लहान मुले बरोबर असल्यास रात्रीच कॅरी किंवा शार्लटकडे परतण्याचा हट्ट धरू नये.

हिकरीचा 1951 चा ट्रॅकही याच भागात आहे, पण तेथील शर्यतीही बहुधा शनिवारीच असल्याने एका फेरीत दोन्ही साधत नाहीत. ज्यांना गर्दी नको आणि चालकांना जवळून पाहायचे आहे, त्यांनी हिकरी निवडावे. बोमन ग्रे आवडले आणि मोठ्या मालिकेची शर्यतही पाहायची इच्छा झाली, तर शार्लटकडे न वळता व्हर्जिनियातील मार्टिन्सव्हिलची शर्यत निवडावी. अर्ध्या मैलाहून किंचित मोठा तो ट्रॅक विन्स्टन-सेलमहून तासाभरावर आहे आणि विजेत्याला तेथे करंडक म्हणून माणसाहून उंच, लंबकाचे लाकडी घड्याळ देतात.