जिवंत लस, मेलेली लस

विषाणू जिवंत असतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हे मला सगळ्यात आधी विचारलं ते पोलिओ बूथवर नातवाला कडेवर घेऊन आलेल्या एका आजींनी. सिस्टर त्यांना समजावत होत्या, की ही जिवंत लस आहे, म्हणून आम्ही बर्फात जपतो. आजी दोन पावलं मागे सरल्या. "म्हंजी जिता जंतू पाजताय व्हय पोराला?" सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी घाईत काहीतरी उत्तर दिलं, पोराने दोन थेंब घेतले, करंगळीला शाई लागली. पण प्रश्न काही सुटला नाही. पुढे आशाताईंनी विचारला, बारावीतल्या पुतण्याने विचारला, २०२० साली दुधाच्या पिशव्या साबणाने धुणाऱ्या आमच्या अख्ख्या सोसायटीने विचारला.

मी विषाणुतज्ज्ञ नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी होतो, आणि नोकरीचा मोठा हिस्सा आयएलआरच्या झाकणावर वाकून गेला. आयएलआर म्हणजे लस ठेवायचा, पेटीसारखा वरून उघडणारा फ्रीज. तापमान दोन ते आठ अंश. सकाळ-संध्याकाळ नोंद, रविवारीसुद्धा. त्यामुळे माझं उत्तर त्या पेटीत डोकावून दिलेलं आहे, तेवढं धरून चला.

पोलिओच्या बाटलीवर एक जांभळा गोल असतो आणि त्याच्या आत एक फिकट चौकोन. त्याला व्हीव्हीएम म्हणतात. उष्णता लागत गेली की चौकोन हळूहळू गडद होतो आणि पुन्हा फिका होत नाही. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस द्यायची. दोघांचा रंग एक झाला की बाटली बाद. एका वर्षी फेरी संपल्यावर दोन बाटल्या जीपच्या मागच्या सीटखाली राहून गेल्या. रविवारच्या बाटल्या सापडल्या बुधवारी, लस न्यायच्या कॅरिअरमधल्या बर्फाचं पाणी होऊन तेही कोमट झालेलं. चौकोन गोलापेक्षा काळपट. आतलं औषध मात्र तसंच, गुलाबीसर आणि नितळ. ड्रायव्हर म्हणाला, "मेली का हो लस?" मी म्हटलं, मेली. चुकलो असं आजही वाटत नाही. पण मेली म्हणजे नेमकं काय झालं? आतला प्रत्येक कण आधीही श्वास घेत नव्हता, खात नव्हता, हलत नव्हता. उष्णतेने त्याचं प्रथिनांचं कवच बिघडलं, एवढंच. कुलपात न बसणारी किल्ली मेली असं आपण म्हणत नाही.

२०१५च्या नोव्हेंबरपासून पोलिओचं इंजेक्शनही आलं. ती मेलेली लस, फॉर्मॅलिन या रसायनाने निकामी केलेल्या विषाणूंची. आता गंमत बघा. जिवंत लस जिल्ह्याच्या भांडारात उणे वीस अंशांवर दगडासारखी गोठवून ठेवतात, तिला काही होत नाही. मेलेली लस एकदा गोठली तर फेकून द्यावी लागते! प्रशिक्षणात मी हे सांगितलं की हमखास हशा व्हायचा. आमच्या धंद्यात 'जिवंत' याचा अर्थ 'अजून काम करू शकेल असा' इतकाच आहे.

पुतण्यासाठी म्हणून थोडं वाचलं, तेव्हा पोलिओच्या विषाणूचं रासायनिक सूत्र सापडलं. कार्बनचे अणू ३,३२,६५२, हायड्रोजनचे ४,९२,३८८, आणि असं करत फॉस्फरसचे ७,५०१. मांजराचं सूत्र कुणी लिहिलंय का? न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रूक विद्यापीठात एकार्ड विमर यांच्या प्रयोगशाळेने १९९१ साली माणसाच्या पेशी फोडून त्यांचा रस काढला आणि त्यात पोलिओचा आरएनए, म्हणजे विषाणूचा अक्षरांत लिहिता येणारा जनुकीय मजकूर, टाकला. एकही अख्खी पेशी नसताना परीक्षानळीत नवे विषाणू तयार झाले. २००२ साली ते आणखी पुढे गेले. त्या मजकुराची संगणकावरची अक्षरमाला घेतली, त्याबरहुकूम डीएनएचे तुकडे बनवून घेतले, त्यावरून आरएनए, आरएनएवरून विषाणू. तो उंदरांना टोचला तर उंदीर लुळे पडले. म्हणजे या प्राण्याला, प्राणी म्हणायचं तर, आईबापसुद्धा लागले नाहीत.

एवढ्यावर मी पुतण्याला ठणकावून सांगितलं, की निर्जीव. बाटलीत आहे ते रसायन. जगतं ते बाळाचं आतडं. तिथल्या पेशी पुऱ्या जिवंत असतात आणि त्यांच्याच यंत्रसामग्रीवर याच्या प्रती निघतात.

त्याने विचारलं, "मग काका, लसीतला विषाणू बदलतो कसा?"

इथे माझी गाडी अडली ती आजवर. बदलतो, हे खरं आहे. थेंबांतला विषाणू दुबळा केलेला असतो, पण लसीकरण अपुरं असलेल्या वस्तीत तो एका पोटातून दुसऱ्या पोटात महिनोन् महिने फिरत राहिला तर त्याच्या प्रती काढताना होणाऱ्या चुका साठत जातात, आणि क्वचित त्याची जुनी खोड परत येते. माणसं लुळी पडतात. दगड असा सुधारत किंवा बिघडत नाही. मला वाटतं, आपण एकेक कण हातात घेऊन नाडी बघतो, तिथे फसतो. कण सुटा पाहिला तर रसायन. त्याची कुळी पाहिली तर तिला वंश आहे, चालीरीती आहेत, भाऊबंदकीसुद्धा आहे. आंब्याची कोय आणि आमराई यांच्याशी तुलना करायचा मोह होतो, पण कोय थोडाफार श्वास घेते. हा तेवढाही घेत नाही.

पोलिओचे प्रकार तीन. जंगली, म्हणजे लसीतला नव्हे तर निसर्गातला, दोन नंबरचा प्रकार शेवटचा सापडला तो १९९९ साली, अलीगढमध्ये. त्यानंतर तो दुनियेत उरला तो मुख्यतः लसीत आणि लसीतून सुटलेल्या बिघडलेल्या वाणांत. म्हणून २०१६च्या एप्रिलमध्ये तीन प्रकारांची लस देशभर बंद करून दोन नंबर वगळलेली, दोन प्रकारांची सुरू झाली, आणि जुनी बाटली न् बाटली परत मागवली. मी आयएलआर तळापर्यंत रिकामा केला, बर्फाच्या पाकिटांखालीसुद्धा हात घालून बघितला. सिस्टर मोजत होत्या, मी लिहीत होतो. व्हीव्हीएम सगळ्यांचे फिके, म्हणजे आमच्या हिशेबाने सगळ्या जिवंत. त्या दोन नंबरच्या विषाणूची अक्षरमाला तर कुठल्या ना कुठल्या संगणकावर पडून राहणारच होती.

"सर, ह्या मारल्या म्हणायच्या का टाकल्या?" सिस्टरनी विचारलं.

फॉर्मवर एकच रकाना होता, 'नष्ट केलेल्या बाटल्यांची संख्या'. मी त्यात आकडा भरला आणि खाली सही केली.