न येणाऱ्या शेजाऱ्याचं भाडं

मंगळवार, रात्री उशिरा

विमान कंपनीचे मेल मी सहसा न वाचताच उडवते. जादा सामान घ्या, आधी चढा, पाय पसरायला जागा घ्या, काही ना काही चालूच असतं. परवाचा मेल मात्र दोनदा वाचला. शेजारची सीट रिकामी हवी आहे का, असं विचारलं होतं. तिकिटाच्या पाव हिश्श्याहून थोडे जास्त पैसे मागत होते. भरून टाकले.

उड्डाण फक्त सव्वा तासाचं. फोनवर भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, सव्वा तासाला?" आणि पुढे नुसताच हसला. त्याचं बरोबरच आहे. रात्रभराचा प्रवास असेल तर शेजारची रिकामी सीट म्हणजे अंग मुडपून का होईना, आडवं व्हायची सोय. सव्वा तासात कोण झोपतंय? चढताना आणि उतरताना पट्टा, ट्रे बंद, पिशवी पुढच्या सीटखाली. मधे उरतो तो अर्धा-पाऊण तास. तेवढ्यासाठी पैसे का मोजले, ते स्वतःलाच नीट सांगावं म्हणून लिहायला बसले आहे.

जागा हे काही कारण नव्हतं. अशा विमानांतली सीट सतरा-अठरा इंच रुंद असते आणि मी तिच्यात मावते. मला नको असतं ते अनोळखी कोपर. दिवसभर माणसांत बोलून झालेलं असतं आणि मग त्या अर्ध्या-पाऊण तासात आपण स्वतःला चार इंच आत ओढून बसतो. हात मांडीवर, खांदा खिडकीकडे. उतरल्यावर मान आखडलेली असते आणि काम तर काहीच केलेलं नसतं. त्याहून वाईट म्हणजे आधीची वाट पाहणं. माणसं एकेक करून आत येतात, आपण सीटच्या नंबराकडे बघणारे डोळे बघत राहतो. कोणी आपल्या रांगेपाशी पाऊल हळू केलं की संपलं! तो पुढे गेला की सुटलो. पुन्हा दुसरा. दार बंद होईपर्यंत हे असंच. पैसे भरताना मी रिकाम्या सीटपेक्षा ही धाकधूक टाळत होते, हे आता लिहिताना कळतंय.

बरं, हिशेब करायला गेलं तर हा सौदा फारसा शहाणपणाचा नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकड्यांप्रमाणे 2024 मध्ये जगभरातली विमानं सरासरी 83.5 टक्के भरली, तोवरचा तो विक्रम होता. 180 सीटचं, एका बाजूला तीन आणि दुसऱ्या बाजूला तीन असं विमान घेतलं तर तीसेक जागा रिकाम्या राहतात. मधल्या सीटा असतात साठ. म्हणजे कागदावर निम्म्या मधल्या सीटांवर कोणीच नसायला हवं. पण सरासरीच्या विमानात कोणी बसत नाही. एक विमान गच्च जातं, दुसरं अर्धं, आणि आपण नेमके गच्च विमानात असतो, कारण गच्च विमानात असणारी माणसंच जास्त असतात. शिवाय जोडपी आणि मुलंबाळं असलेली कुटुंबं मधली सीट आनंदाने घेतात. (भाऊ आणि भावजय उलटं करतात. एकाने खिडकी घ्यायची, एकाने कडेची, मधली सोडायची. एकट्या माणसाला अशी मधली सीट निवडावीशी वाटत नाही, हा त्यांचा भरवसा. आलंच कोणी तर त्याला खिडकी देऊन दोघं शेजारी सरकतात. एकट्याने जाणाऱ्याला ही युक्ती नाही.)

आणि खरी मेख अशी की हा मेल येतो तोच मुळी विमानात जागा उरणार असं कंपनीला दिसायला लागल्यावर. म्हणजे बऱ्याचदा जी सीट फुकटातच रिकामी राहिली असती, तीच आपण विकत घेतो. ज्या दिवशी विमान ठासून भरलेलं आणि गरज सगळ्यात मोठी, त्या दिवशी असला मेल येणारच नाही. बारीक अक्षरांत आणखीही लिहिलेलं असतं: ऐन वेळी कंपनीला सीट लागली, समजा आधीचं उड्डाण रद्द होऊन त्यातली माणसं इकडे बसवायची झाली, तर सीट जाईल आणि पैसे परत मिळतील. तेव्हा याला खात्री म्हणणंही जरा जास्तच.

जास्त भरवशाचा मार्ग म्हणजे एकाच माणसाच्या नावावर सरळ दोन सीटा काढणं. तिकिटाच्या जगात अशा दुसऱ्या सीटला ईएक्सएसटी असा संकेत आहे. सेलो हे व्हायोलिनच्या जातीचं मोठं वाद्य वाजवणारे त्याच्यासाठी वेगळी सीट काढतात, तिचा संकेत सीबीबीजी. (शेजारी म्हणून सेलो आदर्श असावा. मोठा आहे, पण बांधून ठेवलेला असतो.) इंडिगोने 2020 च्या जुलैमध्ये एका प्रवाशाला दोन सीटा घेऊ द्यायला सुरुवात केली तेव्हा दुसऱ्या सीटसाठी मूळ भाड्याच्या 25 टक्क्यांपर्यंत रक्कम लावली होती. तेव्हा माणसं कोपराला भीत नव्हती, श्वासाला भीत होती. त्याच सुमारास अमेरिकेत फ्रंटियरने मधली सीट रिकामी मिळावी म्हणून 39 डॉलरपासून पैसे लावले, तेव्हा तिथल्या संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, सदस्यांनी साथीत सुरक्षितता विकता काय म्हणून कंपनीला धारेवर धरलं आणि थोड्याच दिवसांत तो बेत गुंडाळावा लागला. डेल्टाने तर मधल्या सीटा 2021 च्या एप्रिलअखेरपर्यंत विकल्याच नाहीत. पुढे 2024 मध्ये फ्रंटियरनेच पहिल्या दोन रांगांत मधली सीट रिकामी ठेवून त्या जास्त दराने विकायला काढल्या. या वेळी प्रश्न जिवाचा नव्हता, ऐसपैस बसण्याचा होता, आणि ऐसपैस बसणं विकायला कोणाची हरकत नसते.

आता आजचं.

मी खिडकीशी. मधली सीट माझ्या पैशांची. कडेच्या सीटवर एक गृहस्थ अगदी शेवटी आले, पन्नाशीचे असावेत. आल्या आल्या त्यांनी कोट काढून मधल्या सीटवर टाकला, त्यावर लॅपटॉपची बॅग. केबिन क्रूमधल्या मुलीने बॅग वर ठेवायला लावली, उड्डाणाच्या वेळी सीटवर सुटं सामान चालत नाही म्हणून. कोटही तिने वर ठेवला. दार बंद झालं. गृहस्थ माझ्याकडे बघून हसले.

"बरं झालं, रिकामी राहिली."

"हो ना," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार? ती रिकामी राहिलेली नाही, ठेवलेली आहे आणि तिचे पैसे मी दिलेत, असं? सीटवर तशी काही खूण नसते. क्रूकडे बहुधा यादी असते, पण ती काही शेजाऱ्याला वाचून दाखवत नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी मधला ट्रे उघडून कागद पसरले. पाणी तिथेच ठेवलं. मी माझी वही आणि ओढणी सीटवर ठेवली, अर्ध्यापर्यंत, म्हणजे सीमा आखल्यासारखी. त्यांच्या लक्षातही आलं नाही.

मला राग आला. मग रागाचा विचार करायला लागले, कारण वेळ होता आणि हातही मोकळे होते. त्यांनी माझं काय घेतलं? मला कोपर नको होतं, ते नव्हतं. मी विकत घेतलं होतं कोणीतरी तिथे नसणं, आणि ते मला पुरेपूर मिळालं होतं. आता हे नसणं असं आहे की एका बाजूने घेतलं तरी दोन्ही बाजूंना मिळतं. त्यांच्या ट्रेवरच्या कागदांनी माझं नुकसान काहीच होत नव्हतं. तरी ते कागद अर्ध्याच्या अलीकडे आले की माझी नजर तिकडे जायची.

युरोपातल्या छोट्या पल्ल्याच्या बिझनेस क्लासमध्ये हा घोळ होत नाही. लुफ्तान्सा, ब्रिटिश एअरवेज, एअर फ्रान्स यांच्या अशा विमानांत पुढच्या रांगांत मागच्यासारख्याच सीटा असतात, फक्त मधली सोडून देतात आणि मागे एक पडदा लावतात. तिकिटं किती खपली त्याप्रमाणे पडदा पुढे-मागे सरकतो. लोक त्याला नावं ठेवतात, एवढे पैसे घेऊन काय दिलं तर एक न बसलेला माणूस, म्हणून. पण तिथे त्या न बसलेल्या माणसाचं भाडं दोन्ही बाजूंनी वसूल केलेलं असतं. ब्रिटिश सरकार विमानप्रवासाच्या कार्बनचा हिशेब करायला जे गुणक देतं, त्यांतही छोट्या पल्ल्याच्या बिझनेस क्लासच्या प्रवाशाच्या नावे साध्या प्रवाशाच्या दीडपट उत्सर्जन धरलेलं असतं. अगदी चोख: एक आपली सीट, अर्धी मधली. त्या न्यायाने आज माझ्या शेजारच्या गृहस्थांनी अर्ध्या सीटचा कार्बन फुकटात खाल्ला.

पण मला खटकलं ते त्यांचं हसणं. आजवर कितीदा तरी मधली सीट नशिबाने रिकामी राहिली आणि कडेच्या अनोळखी माणसाकडे बघून मीही असंच हसले आहे. काही न बोलता दोघांना कळतं की आपलं साधलं. मग कोणी पेपर ठेवतं, कोणी शाल, आणि कोणाचं किती हे कोणी मोजत नाही. आज ते हसले तेव्हा मला तसं हसता आलं नाही. त्यांच्यासाठी ती सीट नशीब होती आणि माझ्यासाठी पावती होती. पैसे भरून मी शेजारी टाळला खरा, पण कडेला बसलेल्या माणसाशी बिनबोभाट जमणारी जी गट्टी असते, तीही गेली.

हे सगळं चोचल्याचं आहे हे कळतं. काहींना दुसरी सीट लागतेच. कॅनडात 2008 मध्ये वाहतूक प्राधिकरणाने मोठ्या विमान कंपन्यांना बजावलं की देशांतर्गत प्रवासात अपंगत्वामुळे ज्याला दोन सीटा लागतात त्याच्याकडून एकाच सीटचं भाडं घ्यायचं. तो हक्क झाला. माझ्यासारख्याला मात्र ती विकावी आणि हव्या तेवढ्या किमतीला विकावी, त्यात गैर काही नाही. फक्त विकताना कंपनीने मधल्या ट्रेवर एखादी खूण लावावी असं आज मनात आलं, आणि लगेच हेही आलं की ती खूण वाचून त्या गृहस्थांनी कागद आवरून घेतले असते तर मला आणखी अवघड झालं असतं.

परत असे पैसे भरेन का? रात्रीच्या शेवटच्या उड्डाणाला, दिवसभराच्या बैठकांनंतर, बहुतेक भरेन. सकाळी ताजी असताना नाही.

परतीचं विमान एटीआर, म्हणजे छोटं पंख्यांचं, आहे. त्यात दोन्ही बाजूंना दोन-दोनच सीटा, मधली हा प्रकारच नाही. शेजारची घेतली तर वाटेकरी कोणी नसता. पण आत्ता सीट मॅप पाहिला तर एकही जागा मोकळी नाही, आणि कंपनीकडून विचारणाही नाही. भावाला तसं कळवलं. त्याचं उत्तर आलंय: "वाचले पैसे."