एक कार्ड, दोन प्रोटोकॉल: नेटवेअर आणि टीसीपी/आयपी एकाच डॉस पीसीवर

विंडोज ३.१ च्या काळात ऑफिसात एकच पीसी सगळ्यांनी मिळून वापरायचा असे. हिशेबवाल्यांना सर्व्हरवरचं फॉक्सप्रो (डेटाबेस प्रोग्राम) हवं, म्हणजे नेटवेअरचं (नॉव्हेल कंपनीच्या सर्व्हर-प्रणालीचं) आयपीएक्स, अर्थात तिचा नेटवर्कवर बोलायचा प्रोटोकॉल; बाकीच्यांना टेलनेट (दूरच्या मशीनवर काम करायचा प्रोग्राम) आणि मेल, म्हणजे इंटरनेटचं टीसीपी/आयपी. नेटवर्क कार्ड मात्र एनई२००० जातीचं, एकच. अशी मशीनं मी बरीच लावून दिली, आणि घोडं बहुतेक वेळा एकाच जागी अडायचं: एका कार्डावर दोन ड्रायव्हर.

तारेवर या दोन प्रोटोकॉलचं वैर नाही. जुन्या नेटवेअरच्या ८०२.३ फ्रेममध्ये (फ्रेम म्हणजे तारेवरून जाणाऱ्या पॅकेटचा साचा) पत्त्यांनंतरचे दोन बाइट लांबी सांगतात, जास्तीत जास्त १५००. टीसीपी/आयपीच्या इथरनेट टू फ्रेममध्ये त्याच जागी प्रकाराचा आकडा असतो: आयपीला ०८०० हेक्स (सोळाच्या पायावर), आयपी पत्त्यावरून कार्ड शोधणाऱ्या एआरपीला ०८०६. हे ०८०० म्हणजे दशमानात २०४८, १५०० पेक्षा मोठं, म्हणून घोटाळा होत नाही. पण ही निवड करायला ड्रायव्हर एकच हवा. नॉव्हेलचा ड्रायव्हर आणि पॅकेट ड्रायव्हर (टीसीपी/आयपी प्रोग्राम वापरतात तो) दोघेही कार्डाचा इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची ओळ) स्वतःकडे ओढतात. दुसरा चढला की पहिल्याला पॅकेट मिळेनासं होतं, कधी मशीनच गोठतं.

त्यात भर म्हणजे दोन्ही फाइलींचं नाव एकच! नॉव्हेलचा ओडीआय ड्रायव्हर (ओडीआय म्हणजे एका कार्डावर अनेक प्रोटोकॉल चालवायची नॉव्हेलची पद्धत) एनई२०००.कॉम, आणि ‘क्रिनवर’ (Crynwr) नावाच्या संग्रहातला पॅकेट ड्रायव्हरही एनई२०००.कॉम. पाथमध्ये जी डिरेक्टरी आधी, तिचा चालणार. ‘एलएसएल (ओडीआयचा पायाचा थर) चढवलेलं नाही’ अशा अर्थाची तक्रार आली तर तो नॉव्हेलचा. वापरायची पद्धत छापून गप्प बसला तर पॅकेटवाला. सामायिक मशीनवरून मी पॅकेटवाला सरळ पुसून टाकायचो. नाव बदलून ठेवला तरी कोणीतरी चालवून बघतंच.

जोडणी अशी. खाली ओडीआय ड्रायव्हर, त्याच्यावर आयपीएक्स, आणि शेजारी ओडीआयपीकेटी; हा पॅकेट ड्रायव्हरचं सोंग घेतो, कार्डाला हात लावत नाही. नेट.सीएफजी या नॉव्हेलच्या सेटिंग-फाइलीत ‘लिंक ड्रायव्हर एनई२०००’ खाली पोर्ट ३००, इंटरप्ट ५ (मूळचा ३ हा कॉम-२ या सिरियल पोर्टशी भांडतो), मग दोन फ्रेम: आधी ८०२.३, नंतर इथरनेट टू. हा क्रम मोडू नका, कारण ओडीआयपीकेटीला फ्रेमचा क्रमांक द्यावा लागतो आणि मोजणी शून्यापासून होते. सर्व्हर नेटवेअर ३.१२ किंवा त्यापुढचा असेल, तर तो मुळात ८०२.२ फ्रेमवर असतो. तिथे ८०२.३ च ठेवली तर कार्ड ठीक, केबल ठीक, तरी सर्व्हर सापडत नाही.

चढवताना: एलएसएल, एनई२०००, आयपीएक्सओडीआय (आयपीएक्स हेच), व्हीएलएम (सर्व्हरशी जोडणारा नेटवेअरचा भाग), मग ‘ओडीआयपीकेटी १ ९६’, मग ‘विनपीकेटी ०एक्स६०’, आणि शेवटी विंडोज. ९६ आणि ६० वेगळे दिसतात, पण सॉफ्टवेअर इंटरप्ट तोच (कार्डाचा ५ वेगळा). पहिला दशमानात, दुसरा हेक्समध्ये. विनपीकेटी गाळलं तर आलेलं पॅकेट विंडोजच्या भलत्याच सत्रात पोचतं आणि पडदा काळा. एमईएम /सी देऊन मेमरी बघा; मेमरी कमी म्हणून फॉक्सप्रो कुरकुरलं तर जे जाईल ते लोडहायने वरच्या मेमरीत ढकला.

विंडोजमध्ये ट्रम्पेट विनसॉक (विंडोजला टीसीपी/आयपी देणारा प्रोग्राम): व्हेक्टर ६० (तोच इंटरप्ट), एमटीयू म्हणजे पॅकेटची कमाल लांबी १५००, एमएसएस म्हणजे त्यातला प्रत्यक्ष मजकूर १४६० (४० बाइट हेडरचे वजा). इथला शत्रू विनसॉक.डीएलएल, म्हणजे विंडोज प्रोग्रामांना टीसीपी/आयपीशी जोडणारी फाइल. प्रत्येक कंपनी आपापली प्रत देते, आणि विंडोजच्या डिरेक्टरीतली प्रत पाथच्या आधी उचलली जाते. डिस्कभर शोधा, एकच ठेवा.

एक गोष्ट मात्र या जोडणीतही जमत नाही. ट्रम्पेट चालू असताना कोणी डॉस खिडकीत एनसीएसए टेलनेट उघडलं, तर पॅकेट ड्रायव्हर त्याला ०८०० हा प्रकार देत नाही. तो आधीच ट्रम्पेटकडे आहे. एका प्रकाराला एकच धनी. ट्रम्पेट मध्येच कोसळलं तर नोंद तशीच राहते, मग पीसी पुन्हा सुरू करण्यावाचून इलाज नाही. म्हणून डॉस टेलनेटवाल्यांसाठी कॉन्फिग.सिसमध्ये वेगळा मेन्यू-पर्याय ठेवला, त्यात ना विनपीकेटी, ना विंडोज. डीफॉल्ट हिशेबवाल्यांचा, ३० सेकंदांनी आपोआप.