कावीची भिंत, फेणीचं फडताळ आणि माशाचे काटे

फोंड्यातल्या आमच्या खाणावळीत मिरवण्यासारख्या गोष्टी तीनच. दारासमोरची कावीची (लाल-पांढऱ्या कोरीव नक्षीची) भिंत, फेणी गाळायचं जुनं तांब्याचं भाण आणि गल्ल्यामागचं बाटल्यांचं फडताळ. आतलं काम काढलं तेव्हा या तिन्हींवर वेगळा उजेड टाकायचं ठरवलं.

वस्तू उठून दिसायची तर तिच्यावरचा उजेड आजूबाजूच्या निदान तिप्पट लागतो. म्हणजे छतावरचे पॅनेल आधी कमी करणं आलं. वायरमन वैतागला. "पात्रांव, इतलो कमी उजवाड? गिरायकाक कांटे दिसचे नात!" मुद्दा बिनतोड होता. मंद उजेडात पिझ्झा खाता येतो, बांगडा नाही. मग प्रत्येक टेबलावर खाली सोडलेला एकेक दिवा आला आणि छत अंधारात गेलं. हे दिवे सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या वरचे घेतले. आर-९ चा, म्हणजे गडद लाल रंगाचा आकडाही वेगळा विचारून घ्यावा, नाहीतर कोकमाचा लाल रंग मळकट दिसतो आणि सोलकढी शिळी वाटते.

कावीत खरी गंमत आली. लाल थर खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करतात, त्यामुळे नक्षीला किंचित खोली असते. समोरून झोत टाकला की ती छापील कागदासारखी सपाट होते. दिवे छताला, भिंतीपासून वीतभर अंतरावर लावून उजेड वरून घासत खाली सोडला, तेव्हा प्रत्येक ओरखड्याला सावली आली. गवंड्याची डागडुजीही तितकीच ठळक दिसू लागली, म्हणून डिमर बसवला.

भाणावर समोरून स्पॉट मारला तर तांब्यात दिव्याचाच पांढरा ठिपका चमकतो. आम्ही २४ अंशांचा झोत बाजूने दिला. बुडाची काजळी मुद्दाम ठेवली. लखलखीत भाण शोभेचं वाटतं.

काजू फेणीला २००९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं खरं, पण दिसायला ती पाण्यासारखीच. पुढून उजेड टाकला तर नुसती लेबलं दिसतात. म्हणून मागे दुधी अ‍ॅक्रिलिक आणि त्यामागे एलईडी पट्टी. दोहोंत अंतर हवं, नाहीतर ठिपके मोजता येतात. पट्टी २४ व्होल्टची घेतली, कारण लांब अंतरावर १२ व्होल्टची टोकाला मंदावते. दुकानदाराने दिलेलं दुसरं रीळ खोक्यावर २७०० केल्विनच (पिवळसर उजेड) लिहिलेलं, पण लावल्यावर हिरवट! बराच वाद घालून एकाच बॅचची दोन्ही रिळं बदलून आणली.

एलईडीला वीज पुरवणारे ड्रायव्हर पीओपीच्या छतात गाडायला मी साफ नकार दिला. आपल्या पावसाळ्यात आधी तेच जातात, आणि प्रत्येक वेळी छत कोण फोडणार? ते गल्ल्यावरच्या जाळीच्या कपाटात आहेत. तिन्ही जागांची बटणं वेगळी ठेवली. दुपारी थाळीच्या वेळी खिडकीतून ऊन येतं, तेव्हा कावीचा दिवा लावतच नाही.